बोर्बांच्या चाळीस एकरांचा विमा

चर्च सुटलं की दर रविवारी मी इडालिना मावशीला गाडीत घालून शेतावर नेत असे. शेतावर म्हणजे कुंपणापर्यंत. आत जायला बंदी होती. मावशी तारेपाशी उभी राहायची, वाळून काळी पडलेली पीचची झाडं आणि मधलं लाकडी घर बघायची, मग म्हणायची, "चल." असं एकोणतीस वर्षं चाललं होतं.

माझ्या आजोबांनी, मानुएल बोर्बांनी, त्या शेताच्या पश्चिमेची पट्टी औषध फवारणाऱ्या विमानांना चौदा वर्षं भाड्याने दिली होती. विमानं उतरली की वैमानिक टाक्या तिथेच धुवायचे आणि पाणी मातीत सोडायचे. आमच्या खोऱ्यात तेव्हा सगळीकडे हेच चालायचं, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. विमानं गेली, पट्टीवर गवत उगवलं. पुढे बारा वर्षांनी विहिरीच्या पाण्यात विष सापडलं. राज्याच्या खात्याने हुकूम काढला की जागा साफ होईपर्यंत इथे कुणी राहायचं नाही, काही पिकवायचं नाही, आणि सफाई मालकाने करायची. सगळं शेत विकलं असतं तरी त्या खर्चाला पुरलं नसतं. आजोबा गावातल्या भाड्याच्या खोलीत त्याच हिवाळ्यात वारले.

पाण्याचा नमुना खात्याकडे पाठवला होता शेजारच्या ज्युवेनाल टोस्टेने. त्याच्या गाई आमच्या कुंपणाला लागून चरायच्या. मावशी तेव्हा बेचाळीस वर्षांची होती, तो विधुर होता, आणि द्राक्षं उतरली की दोघांचं लग्न व्हायचं होतं. ते झालं नाही. मावशी त्याच्याशी पुन्हा बोलली नाही. चर्चमध्ये तो डावीकडे बसला की ही उजवीकडे.

मावशी एकाहत्तरची झाली त्या वर्षी मी एका वकिलाला गाठलं. त्याने मार्गो केसलर नावाच्या बाईंना आमच्याकडे पाठवलं. जुने विम्याचे कागद हुडकून काढणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी विचारलं, वडिलांनी शेताचा विमा उतरवला होता का? शेतामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा?

"होता की," मावशी म्हणाली. "पण बाबा जाऊन किती वर्षं झाली. मेलेल्या माणसाच्या विम्याला कोण विचारतंय?"

मार्गोबाईंनी शांतपणे समजावलं. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं, म्हणून ते नासणं हे दुसऱ्याचंच नुकसान. हल्लीच्या विम्यात असलं प्रदूषण वगळलेलं असतं, त्या काळच्या विम्यात बहुधा नसायचं. आणि तेव्हाचा करार असा की नुकसान ज्या वर्षी झालं त्या वर्षीचा विमा लागू. ते उघडकीला कधी आलं, हप्ते कधी थांबले, याला महत्त्व नाही. विष ज्या वर्षांत जमिनीत मुरलं, त्या वर्षांची विमा कंपनी आजही बांधील आहे. फक्त विमा होता हे दाखवावं लागेल.

तिथेच घोडं अडलं. घर सोडताना मावशीने रागाच्या भरात वडिलांचे सगळे कागद जाळले होते. एजंटचं दुकान कधीच बंद झालेलं. कंपनी दोनदा दुसऱ्या कंपन्यांत मिसळलेली, आणि नव्या मंडळींचं उत्तर एका ओळीचं: आमच्याकडे नोंद नाही.

मग मार्गोबाईंनी विचारलं, वडिलांना हा विमा दुसऱ्या कुणाला दाखवावा लागायचा का?

मावशीला आठवेना. आठवलं ते मला. पवित्र आत्म्याच्या सणाला आमच्या पोर्तुगीज लोकांच्या मंडळाच्या हॉलवर हजारभर माणसं रस्सा-पाव खायला यायची, आणि त्यांच्या गाड्या आमच्या रिकाम्या शेतात लागायच्या. गाड्या लावून घ्यायच्या आधी मंडळ दर वर्षी आजोबांचा विमा बघायचं. मंडळाची दप्तरं चिटणीसाकडे असत, आणि पंचावन्न वर्षं चिटणीस एकच होता. ज्युवेनाल.

"दुसरं कुणी नाही का?" मावशीने विचारलं. दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हॉलच्या स्वयंपाकघरात गेलो. ज्युवेनाल एकटाच सणाची मोठी पातेली घासत होता. मी काम सांगितलं. त्याने हात पुसले, काही न विचारता कपाट उघडलं आणि एकेक वही टेबलावर मांडत गेला. दर वर्षीच्या मे महिन्यात, त्याच्याच तिरप्या अक्षरात, पोर्तुगीजमध्ये तीच ओळ होती: मानुएल बोर्बा यांनी विमा दाखवला. पुढे कंपनीचं नाव, क्रमांक, मुदत. विमानांची चौदाही वर्षं, एकही वर्ष गाळलेलं नाही. मी फोटो काढत होते. मावशी त्या अक्षराकडे बघत होती.

"तू आधी मला का सांगितलं नाहीस?" तिने विचारलं. ती विम्याबद्दल बोलत नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळलं.

"सांगितलं असतं तर तू बाबांना सांगितलं असतंस, आणि त्यांनी मला गप्प बसवलं असतं," तो म्हणाला. "माझी दोन वासरं मेली होती, इडा. आणि ते पाणी तू रोज पीत होतीस."

 निघताना मावशीने पडलेलं फडकं उचलून त्याच्या हातात दिलं.

कंपनीने दोन वर्षं घोळ घातला. ज्युवेनालला कंपनीच्या वकिलांसमोर दिवसभर साक्ष द्यावी लागली, वह्या खोट्या आहेत असं त्यांनी सुचवल्यावर तो म्हणाला, "पन्नास वर्षांपूर्वी मी तुम्ही येणार म्हणून खोटं लिहून ठेवलं होतं का?" शेवटी कंपनीने सफाईचा खर्च मान्य केला. अकरा आठवडे ट्रक माती वाहून नेत होते. झाडं गेली. घराखालची मातीही खराब निघाली, म्हणून घरही पाडावं लागलं. विहीर काँक्रीटने बुजवली.

परवानगीचं पत्र आलं तेव्हा मावशी इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत गेली. बाहेरून आणून पसरलेल्या मातीची मूठ भरून तिने वास घेतला आणि हात झटकला. "चांगली आहे," म्हणाली. "पण कुणाची आहे कोण जाणे."

घराचा पाया कुठे होता ते ती पावलं मोजत शोधत होती. तिला सापडेना. ज्युवेनाल कुंपणापलीकडून बघत होता. तो हळूहळू काठी टेकत आला, थोडा डावीकडे सरकला, आणि म्हणाला, "इथे. तुझी खिडकी इथे होती."

मावशी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. दोघंही बराच वेळ तिथेच उभी होती. मी गाडीत जाऊन बसले.