मूठ बसवलेलं पातं

हेइसाकुने पातं खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. लोखंड आणि पोलाद जिथे एकजीव व्हायला हवे होते, तिथे केसाएवढी काळी रेष होती. भरड दगडावर ती दिसली नव्हती, बारीक दगडावर उघडी पडली. त्याने नखाने टिचकी मारली. आवाज बसका आला.

जपानमधल्या या साकाई गावात सुरीचं पातं घडवणारा वेगळा आणि दगडावर घासणारा वेगळा. खोट निघाली की घासणाऱ्याने पात्यावर खडूची खूण करायची आणि मुकाट्याने भट्टीवर परत पाठवायचं. घडवणारा तोराजिरो लोहार आणि घासणारा हेइसाकु, दोघांचंही आयुष्य असंच गेलं. खडू दिसला की तोराजिरो आठवडाभर तोंड फुगवून बसायचा, आणि मग असं पातं पाठवायचा की हेइसाकुची बोलतीच बंद!

पण आता परत पाठवायचं कुणाकडे? हे पातं घडवलं त्याच दुपारी तोराजिरोला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. जेवण सोडून तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. या पात्याचं नाव निघालं तेव्हा मात्र तो म्हणाला होता, "एवढं खरं निघू दे हेइसाकु, मग बघ, डाव्या हाताने घण उचलतो की नाही!" आणि त्या दिवशी वाटीभर पेज प्यायला होता. त्याची बायको शिगेनो दाराआड जाऊन रडली होती.

हेइसाकु दगडापाशी आयुष्यात खोटं वागला नव्हता. या वेळी वागला. दगडाची पूड बोटाने घासत त्याने पात्यावर धुकट चकाकी आणली आणि त्यात ती रेष बुडवली. मग मुठीत जाणारं पात्याचं शेपूट लाल तापवून मूठ ठोकून बसवली. मूठ बसली म्हणजे पातं पास, ते भट्टीवर परत जात नाही. ठोकताना त्याला स्वतःची अशी किळस आली की हातोडी दोनदा हुकली.

तो सुरी घेऊन तोराजिरोच्या अंथरुणापाशी गेला. तोराजिरोने डाव्या हाताने ती घेतली. बराच वेळ बघत राहिला.

"काय देखणी झालीय," हेइसाकु म्हणाला. "अशी तू तरुणपणीसुद्धा नव्हती घडवलीस."

"तू आणि कौतुक?" तोराजिरो हसला. जीभ जड झाली होती, पण टोमणा शाबूत होता. "मेल्यावर तरी करशील का, असं वाटायचं मला."

त्याने सुरी कानाशी नेली आणि त्याच हाताच्या अंगठ्याच्या नखाने टिचकी मारली. पुन्हा एकदा मारली. हसू गेलं.

"कुठे आहे?"

"काय कुठे?"

"मला लहान पोर समजतोस का रे? खोट कुठे आहे?"

हेइसाकुने टोकाजवळ बोट ठेवलं.

"मूठ बसवायच्या आधी दिसली की नंतर?"

खोटं बोलायला अजून जागा होती. पण हेइसाकुच्याने बोलवेना. "आधी," तो म्हणाला.

"परत का नाही पाठवलंस?"

हेइसाकु नखात अडकलेली दगडाची पूड काढू लागला.

"मी आता उठत नाही, हे तू ठरवून टाकलंस तर." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "डॉक्टरनेसुद्धा अजून तसं म्हटलं नव्हतं रे."

"तोरा, मला वाटलं तुला बरं वाटेल..."

"खडू मारून पाठवायचं होतंस. शिव्या घातल्या असत्या तुला. घणापर्यंत सरपटत गेलो असतो."

तेवढ्यात शिगेनो चहा घेऊन आली. नवी सुरी बघून तिचा चेहरा उजळला. "कशी झाली हो? हेइसाकुभावजींनी नावं नाही ठेवली?"

"नाही. छान झालीय," तोराजिरो म्हणाला. सुरी त्याने तिच्या हातात दिली आणि भिंतीकडे कूस वळवली. "आणि हे बघ, भट्टीपाशी कोळशाची पोती आहेत ना, ती शेजारच्यांना देऊन टाक."