लवूची सुरी

सुरी स्वतःसाठी घ्यायची असती तर सहदेवने हाताला लागेल ती उचलली असती. पण ती लवूसाठी घ्यायची होती.

दोघे एकाच कंपनीत पाणबुडे. जहाजाच्या पंख्याला अडकलेले दोर कापायचे, बुडालेल्या होड्या वर काढायला मदत करायची, असं त्यांचं काम. इतकी वर्षं माणूस पितळी टोप घालून उतरायचा. हवा नळीतून यायची आणि वर एक जण त्याच्या कमरेचा दोर धरून बसायचा. आता पाठीवर बांधायच्या हवेच्या टाक्या आल्या होत्या. नळी नाही, दोर नाही, खाली माणूस एकटा. लवू तरुण, म्हणून पहिला मान त्याचा. टाक्यांबरोबर सुरी मात्र आली नाही, कारण सरकारने परदेशी मालाची आयात आवळली होती. साहेब म्हणाले, देशी घ्या, सहदेव बघेल. खाली जाळ्यात पाय अडकला तर लवूला वर ओढायला कुणी नसणार. त्याची सुटका काय ती त्या सुरीनेच व्हायची.

पण बायको रुक्मिणी गेल्यापासून सहदेवला काहीच ठरवता येत नव्हतं. घाटकोपरच्या बाजारात तो भाजीवालीसमोर उभा राहायचा आणि पडवळ घ्यावं की दोडका यातच अडकून रिकामी पिशवी घेऊन चाळीत परतायचा. आधी हे सगळं ती ठरवायची. अगदी त्याच्या सदऱ्याचं कापडसुद्धा.

तो कुर्ल्याला एका लोहाराकडे गेला. त्याने मोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून सुरी केली होती. धार अशी की अंगठा लावायची भीती वाटावी. टोक ठेवू की बोथट करू, असं लोहाराने विचारलं. टोक असलं तर गाठीत शिरतं, पण घाईत मांडीतही शिरतं. सहदेव ठेव म्हणाला, दुकानाबाहेर पडला, परत आत आला आणि बोथट कर म्हणाला. मग पुन्हा ठेव म्हणाला. लोहाराने हातोडा खाली ठेवला आणि आधी चहा घ्या म्हणून सांगितलं.

अंधेरीच्या एका कारखान्यात स्टेनलेसची सुरी मिळाली. तिथल्या माणसाच्या म्हणण्याप्रमाणे ती जन्मात गंजणार नव्हती. पाटा खाऱ्या पाण्यात आठवडाभरही टिकायचा नाही, असं तो म्हणाला. लोहाराला हे सांगितलं असतं तर त्याने स्टेनलेसला चमचे करायला पाठवलं असतं. शेवटी सहदेवने दोन्ही घेतल्या, त्याही शुक्रवारी, कारण रुक्मिणी शनिवारी घरात लोखंड येऊ देत नसे.

मोरीत काथ्याचा दोर भिजवून त्याने कापून पाहिला. पाट्याची सुरी सरसर चालली. स्टेनलेसची घसरली, मग चालली, मग पुन्हा घसरली. म्हणजे लवूला पाट्याचीच द्यावी. पण ती गंजली तर? खाऱ्या पाण्यात ठेवून बघावं म्हणून त्याने आजूबाजूला पाहिलं. फळीवर चिनी मातीची बरणी होती. त्याने झाकण काढलं आणि दोन्ही सुऱ्या आत सोडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लवूची बायको प्रेमा आमटीची वाटी घेऊन आली. सहदेव बरणीत बघत बसला होता. पाणी काळं झालं होतं. स्टेनलेस तशीच चकचकीत होती, पाट्याच्या सुरीवर डाग पडले होते, आणि कैऱ्या शाईत बुडवल्यासारख्या दिसत होत्या. गेल्या उन्हाळ्यात रुक्मिणीने खारात घातलेल्या त्या कैऱ्या. तो पुरवून पुरवून खात होता.

"भाऊजी, वहिनींच्या बरणीत सुऱ्या घातल्यात?"

"खारं पाणी हवं होतं."

"मग बादलीत मूठभर मीठ टाकायचं ना. आणि रोज समुद्रात कोण उतरतं? मी?"

सहदेवने मान वर केली. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. प्रेमाने वाटी खाली ठेवली. काळ्या कैऱ्यांपैकी एक तिने उचलली, हुंगली आणि परत ठेवली. मग ती उंबऱ्यापाशी बसली.

"ह्यांना कुठली देणार?" तिने विचारलं.

डाग पडले ते मिठाने की कैरीच्या आंबटपणाने, हेही त्याला आता सांगता येत नव्हतं. कैऱ्या गेल्या आणि कळलं काहीच नाही.

"मला कळत नाही, प्रेमा."

"मग कळेपर्यंत देऊ नका," ती म्हणाली. "मी तुम्हाला घाई करत नाहीये."

सोमवारी सहदेवने साहेबांना सांगितलं की सुरी तयार नाही, लवू उतरणार नाही, जुना टोप घालून आपणच उतरू. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. लवू तर चिडलाच. दोन-दोन सुऱ्या कमरेला लावून म्हातारा म्हणतो सुरी तयार नाही, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलला. पण दोर धरायला तोच बसला.

खाली गढूळ पाणी होतं, स्वतःचा हातही दिसत नव्हता. पंख्याला दोराचे जाडजूड वेढे बसले होते. सहदेवने एक सुरी काढली. ती घसरली. ती म्यानात घालून त्याने दुसरी काढली आणि दोर तुटला. पुढच्या वेढ्याला मात्र तीही अडली, तेव्हा त्याने पुन्हा पहिली काढली. मुठी हातातून निसटू नयेत म्हणून दोन्हींना त्याने सकाळी एकाच मेणाच्या दोऱ्याने घट्ट गुंडाळलं होतं. आता उजवीकडची कुठली आणि डावीकडची कुठली, ते त्याला आठवेना. मधेच कमरेचा दोर हलला. वरून लवू विचारत होता, ठीक आहे ना? त्याने दोर ओढून ठीक म्हणून कळवलं आणि कापत राहिला.

वर आल्यावर टोप काढला तसा लवू राग विसरून जवळ आला, कुठली सुरी चालली ते विचारायला.

"दादानू, खयची चलली?"

सहदेवने दोन्ही सुऱ्या काढून फळीवर ठेवल्या. दोन्ही ओल्या होत्या, दोन्हींना काथ्या चिकटला होता. त्याने त्या उलटसुलट करून पाहिल्या.

"कळलं नाही रे."

"मगे आता?"

"आता उद्या परत मीच उतरतो. एका वेळी एकच सुरी नेतो. तू दोर धर."

लवूने सुस्कारा टाकला आणि दोराची वेटोळी करायला घेतली.