हवालदारानं चघळलेलं बेलाचं पान

"जीभ काढा, पावणं."

महाशिवरात्रीच्या सकाळी नाक्यावर हवालदार सयाजीनं गुळाचा टेम्पो अडवला, तेव्हा शिवलीला मांडीवर पूजेची पिशवी घेऊन वडिलांशेजारी बसली होती. तिच्या आप्पांनी, म्हणजे मल्लेश यांनी, जीभ काढली. हिरवीगार!

"डोळं लाल, जीभ हिरवी. भांग कुठं घेतली?"

"भांग न्हाय, साहेब. उपास हाय, बेलाचं पान चघळलंय. डोळं गूळ भरताना गुऱ्हाळाच्या धुरानं..."

"आज समदी बेलाचंच नाव सांगत्यात! फुंकायचं मशीन दारू पकडतंय, भांगेला मशीन न्हाय. मग जीभच बघायची की. लायसन काढा."

लायसन गेलं की गुऱ्हाळाचा मालक टेम्पोची किल्ली दुसऱ्याला देणार आणि आप्पा परत गुळाच्या चुलवाणापुढं जाळात उसाची चिपाडं ढकलत बसणार, हे शिवलीलाला ठाऊक होतं. गेल्या वर्षीची शिवलीला असती तर ओढणीत तोंड खुपसून रडली असती. पण यंदा शाळेच्या वादविवाद स्पर्धेत तिनं दहावीच्या पोरांची बोलती बंद केली होती! ती टुणकन खाली उतरली.

"काका, तुमी आज भांग घेतलीसा?"

"ए पोरी, डोकं फिरलंय काय?"

"मग हे घ्या." तिनं पिशवीतून बेलाचं पान काढलं. "सकाळीच पिंडीवर वाहिलेलं हाय. प्रसादाला न्हाय म्हणत न्हाईत."

सयाजी अडकला. त्यानं टोपी काढली, पान कपाळाला लावलं आणि तोंडात टाकलं. चावता चावता त्याचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. शिवलीलानं टेम्पोचा आरसा त्याच्याकडं वळवला.

"आता जीभ काढा, काका."

जीभ हिरवी! नाक्यावरच्या चहाच्या गाड्यावरची माणसं खो खो हसली. "हवालदार, तुमचं लायसन काढा!"

सयाजी ओशाळला, पण हट्ट सोडेना. "त्या पांढऱ्या पट्ट्यावरनं चालून दाखवा तरी."

उपाशीपोटी आप्पा चालले, ताठ, एकही पाऊल वाकडं न पडता. परत आल्यावर सयाजीनं एका पायावर उभं राहायला लावलं, तर तसेही उभे राहिले.

"जावा," सयाजी म्हणाला. "पोरगी वकील व्हनार तुमची."

टेम्पो सुरू झाला तेव्हा कुठं आप्पांनी लांब श्वास सोडला. "लई बोलतीस गं," ते म्हणाले आणि स्वतःच हसू लागले. शिवलीलानंही एक पान तोंडात टाकलं, आणि मार्केट यार्डापर्यंत बापलेक आरशात एकमेकांना हिरव्या जिभा दाखवत गेले.