आधी कुकर

"खोली नको," असं फोनवर सांगून मिरानने ब्लँकेटची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. सोलच्या बस स्थानकातून बाहेर पडायला अजून एक जिना चढायचा होता. तो ती चढलीच नव्हती.

"नको म्हणजे?" पलीकडे दलाल बांगबाईंचा आवाज चढला. "अहो, बारा वाजता सही करायची ठरलं होतं ना आपलं? मी इथे तुमच्या नावाने कॉफी गार करत बसलेय."

"गावाला वडील एकटे आहेत. नाही जमायचं."

"मग ते काय आजच एकटे झाले?"

मिरानला राग आला नाही. दाढ काढण्याआधी दिलेलं इंजेक्शन पसरत जावं तसं गेला महिनाभर तिला वाटत होतं. कुणी काही बोललं तरी ते आतपर्यंत पोचत नसे.

"बरं, राहिलं," बांगबाई म्हणाल्या. "संध्याकाळी एक जोडपं येतंय, त्यांना दाखवते. आज चांगला दिवस आहे बाई, माझ्याकडे रांग आहे."

दिवस चांगला होता खरा. चांद्र महिन्यातली नवमी. या दिवशी भुतंखेतं माणसांच्या मागे लागत नाहीत म्हणून निम्मा देश आजच घर बदलतो. तारीख अप्पांनी काढली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने वर्तुळ काढून ते म्हणाले होते, "जायचं तर या दिवशी जा. नसेल जायचं तर मग कुठलाही दिवस सारखाच."

याहून जास्त ते काही बोलले नव्हते. मिरान बारा वर्षं गावाजवळच्या गोजे बेटावर जहाजाच्या कारखान्यात पाइपांचे नकाशे काढत होती. जहाजाच्या पोटात कुठला पाइप कुठून वळतो हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. आता नकाशांचं सगळं खातंच सोलला हलणार होतं. ज्यांना यायचं नाही त्यांनी इथेच गोदामात नटबोल्टच्या नोंदी ठेवायच्या. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. सोलची खोली एका लॉन्ड्रीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागायची, आणि एवढ्यासाठी निम्मा पगार जाणार होता.

तिने अप्पांना तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "मला काय विचारतेस? पाइप तुझे, पगार तुझा." आपल्याला कुणीतरी थांबवावं असं तिला वाटत होतं का, हेही तिला धड सांगता आलं नसतं. जायची भीती वाटत होती, हे मात्र खरं. फोनवर वडिलांचं नाव घेणं त्यापेक्षा सोपं होतं.

एकच्या बसने ती परत टोंगयोंगला, घरी निघाली. सव्वाचार तास ती खिडकीबाहेर बघत बसली, आणि काय पाहिलं ते तिला पुढे आठवलं नाही.

घराचं दार उघडताच करपल्याचा वास आला. अप्पा बैठ्या टेबलाशी बसून पातेल्यातूनच भात खात होते. बाजूला किमची आणि सुकी मासळी. तिला बघून त्यांचा चमचा तोंडाशीच थांबला.

"आज परत? मी तर ब्लँकेट दिलं होतं तुला."

"झालं काम. राहून काय करायचं?"

अप्पांना नीट ऐकू येत नसे. चाळीस वर्षं जहाजांचे पत्रे ठोकताना कान गेले होते. तिने तेच मोठ्याने सांगितलं. त्यांनी मान डोलवली आणि तिच्यासाठी वाडगा काढला. पातेल्यातला वरचा भात कच्चा होता आणि खालचा काळा.

"हे काय अप्पा? पातेल्यात का?"

मग तिचं ओट्याकडे लक्ष गेलं. भाताच्या विजेच्या कुकरची जागा रिकामी होती. तिथे फक्त एक स्वच्छ चौकोन उरला होता. हा कुकर आईने जायच्या आदल्या वर्षी घेतला होता. भात झाला की तो बाईच्या आवाजात सांगायचा, भात तयार आहे, खालीवर करून घ्या. अप्पांना टीव्ही ऐकू येत नसे, पण हे ऐकू यायचं. जेवायला यायची त्यांना तीच हाक होती.

"बिघडला?" तिने विचारलं.

अप्पांनी तिच्याकडे नवलाने पाहिलं.

"म्हणजे? तू खोलीवर गेलीस ना?"

मिरानने पिशवी खाली ठेवली. ती हो म्हणाली.

"मग दिसला नाही तुला? काल रात्री तू झोपल्यावर शेजारच्या प्योच्या ट्रकमधून पाठवला. तो कालवांची खोकी घेऊन पहाटे पोचतो सोलला. पत्ता आणि दाराच्या कुलुपाचा नंबर तूच फ्रिजवर चिकटवलायस, दलालबाईंच्या कार्डामागे. त्याला बजावलं, तिचा पाय पडायच्या आधी कुकर आत गेला पाहिजे. रिकाम्या घरात आधी भाताचं भांडं जातं. तुझ्या आईने या घरात असंच केलं होतं."

"तांदूळ घालून?"

"तर! तांदूळ मी मोजून दिले. पाणी घालून संध्याकाळी सहाचं बटण लावून ठेव म्हटलं त्याला. वाटलं, तू झाडून-पुसून घेशील, दमशील, तेवढ्यात भात तयार." अप्पा थांबले. "मग तू सहापर्यंत थांबलीच नाहीस?"

"बस होती, अप्पा. कुकर पाहिला मी. ओट्यावर होता."

"पहिला भात तसाच राहिला म्हणायचा."

ते पुन्हा खाऊ लागले. काळा तुकडा दाताखाली आला की ते जरा थांबून गिळत आणि तक्रार काही करत नसत. दुपारी याच माणसाचं कारण सांगून ती मोकळी झाली होती. आता तो तिच्यासमोर बसून करपलेला भात खात होता, आणि तिच्यापाशी दुसरं कारण नव्हतं. तिला लाज वाटली. बऱ्याच दिवसांत तिला काही वाटलं ते एवढंच.

सात वाजता फोन वाजला. बांगबाई होत्या.

"अहो, तुम्ही माणूस आहात की कोण? खोली नको म्हणता आणि सामान आणून टाकता?"

मिरानने अप्पांकडे पाहिलं. ते पातेल्याच्या बुडाशी चिकटलेली खरवड उचकटत होते.

"काय झालं?"

"काय झालं विचारतेय! त्या जोडप्याला घेऊन वर गेले. दार उघडतेय तोच आतून बाईचा आवाज. भात तयार आहे म्हणे! ती पोरगी किंचाळलीच. म्हणाली, इथे कुणाचा तरी भात आधीच शिजलाय, आम्ही नाही घेणार. बूट न काढताच गेले दोघं. आजच्या दिवशी, आणि असं!" बांगबाईंनी दम खाल्ला. मग आवाज जरा उतरला. "भात मात्र बरा झालाय. खालीवर करून ठेवलाय मी, नाहीतर गिचका झाला असता. एक वाटी खाल्लीही, खोटं कशाला बोलू? आता सांगा, हा कुकर मी जिन्यात ठेवू का? उद्या दुसरी गिऱ्हाइकं यायचीत."

"कोण आहे गं?" अप्पांनी मोठ्याने विचारलं.

मिरानने हाताने थांबा म्हणून खूण केली. ओट्यावरच्या त्या स्वच्छ चौकोनाकडे ती बघत राहिली. अप्पांना उद्या जेवायला कोण हाक मारणार, हे तिला कळत नव्हतं. ज्याने आपण होऊन ती हाकच पाठवून दिली, त्या माणसाला ते विचारताही येणार नव्हतं.

"हॅलो? अहो, बोला ना!"

"जिन्यात नको," मिरान म्हणाली. "आहे तिथेच राहू द्या. मी उद्या येते सहीला."

"उद्या दशमी, तो दिवस पण चांगलाच आहे म्हणा," असं म्हणून बांगबाईंनी फोन ठेवला.

अप्पांनी खरवडीवर उकळतं पाणी ओतलं, वाडगा भरला आणि तिच्यापुढे सरकवला. कोण होतं, ते त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मिरानने वाडगा दोन्ही हातांत धरून तोंडाला लावला आणि पहिल्याच घोटाला तिची जीभ चांगलीच पोळली. डोळ्यांत पाणी आलं.

"फुंकून पी," अप्पा म्हणाले.