फ्लेक्सवर उरलेला हात

पाखरू परदेशातल्या तुरुंगात पडलं आणि थोरल्याच्या पोटात जी आग पडली ना, ती काळजीची नव्हती. निव्वळ जळफळाट होता.

पाखरू म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. कायम उडालेला, म्हणून सगळे पाखरूच म्हणायचे. आज या देशात, उद्या त्या. आणि थोरला? बाप गेल्यापासून फ्लेक्स छापायच्या दुकानात, मशीनच्या घरघरीत बसलेला. शाईने अंगठा कायमचा काळा. आईची औषधं, छपराची गळती, सगळं याच्याच डोक्यावर. पण आई फोनवर कोणाशीही बोलू दे, "आमचं पाखरू ना," इथूनच सुरुवात. थोरल्याचं नाव निघायचं ते गॅस संपल्यावर.

तर या पाखराने तिकडे एका धरणावर ड्रोन उडवला. तिथे बंदीचा हा एवढा बोर्ड. त्या बोर्डाला टेकून आधी दात काढत फोटो काढला, मग उडवला. धरलंच त्यांनी. आणि इकडे अख्खी गल्ली पेटली की, सरकारने मध्ये पडलं पाहिजे, पोराला सोडवून आणलं पाहिजे. थोरल्याला कधी धड ओळख न दाखवणारा औषधवालासुद्धा पाखरासाठी गळा काढायला लागला. थोरला मनात म्हणायचा, मी इथे तापाने फणफणलो तेव्हा पाण्याचा पेला द्यायला कोणी नव्हतं, आणि याला आणायला सरकार? जाताना सरकारला विचारून गेला होता का?

त्यात मंत्री घरी येणार असं ठरलं. दारावर टांगायचा 'पाखराला सोडवा' असा फ्लेक्स कोण छापणार, तर थोरलाच. वर आई म्हणाली, मंत्र्यांशी तूच बोल, घरातला मोठा तू, तुझ्या शब्दावरच सगळं आहे. थोरल्याने ठरवून टाकलं. बोलतोच. नियम मोडला, भोगू दे, असं तोंडावर सांगतो.

मग फोटो शोधायला बसला. पाखराचे ढीगभर फोटो, पण सगळे गॉगल लावून, समुद्रात लोळत. तुरुंगातल्या माणसाला शोभेल असा एकच निघाला, दोघा भावांचा, दुकानाच्या दारातला. थोरला चरफडला, माउस धरला आणि स्वतःला कापून टाकलं. घे, सगळी जागा तूच घे.

आता फ्लेक्सचं एक असतं बघा. पडद्यावर तिळाएवढं दिसतं ते टांगल्यावर सुपाएवढं होतं. गिऱ्हाइकांना रोज हेच ऐकवणारा हा गडी, पण रागाच्या भरात मोठं करून बघायचंच विसरला.

मंत्री आले आणि दारातच, फ्लेक्सखाली थांबले. माणूस सरळ होता. थोरल्यालाच म्हणाले, "बोर्ड दिसत होता, तरी उडवला. मग सोडा म्हणून आम्ही कोणत्या तोंडाने सांगायचं?"

अगदी थोरल्याच्या मनातला प्रश्न! उत्तर जिभेवर तयार. आई त्याच्या तोंडाकडे टक लावून बघतेय. आणि तेवढ्यात त्याची नजर वर गेली.

पाखराच्या खांद्यावर एक हात होता. सुपाएवढा, काळ्या अंगठ्याचा. मागचा माणूस गायब. सकाळपासून सगळ्या गल्लीने तो बघितला होता, फक्त यानेच नाही. पाखरू पहिल्यांदा निघालं त्या दिवशीचा फोटो तो. त्या बोटांनी शर्ट इतका घट्ट धरला होता की खांद्यावर चुण्या पडल्या होत्या.

थोरल्याने आपला काळा अंगठा मुठीत दाबला.

"चूक त्याचीच आहे, साहेब," तो म्हणाला. "माफ करा असं नाही म्हणत मी. पण तिथे त्याला शिव्या घालायलासुद्धा आपलं कोणी नाही. एखादा वकील द्या, कोणीतरी आपलं माणूस जाऊन त्याला भेटू दे. इकडे आला की मी आहेच त्याच्याकडे बघायला."

मंत्र्यांनी मान हलवली. वकिलाचं आजच बघतो म्हणाले, आणि गेले.

आणि आईने काय करावं? लगेच थोरल्याची गादी उचलून उन्हात टाकली. पाखराला मऊ लागते म्हणे! थोरल्याचं डोकं पुन्हा सटकलं. तडक दुकान गाठलं आणि सुटकेचा पत्ता नसताना स्वागताचा फ्लेक्स करायला घेतला. फोटो तोच. या खेपेला स्वतःला कापलं नाही. उलट, इकडेतिकडे बघून, पाखरापेक्षा हळूच चार बोटं उंच करून घेतलं.