दोनशे अकरा पाहुणे

बसा हो, त्या दगडावर नको, तापलाय. इकडे सावलीत या. एक गोष्ट सांगतो. ऐकून झाल्यावर मला शिव्या घातल्यात तरी चालतील, मीच रोज घालतो.

मी गुरुदास. शाळा चौथीपर्यंत. पण देवगड ते विजयदुर्ग कोणाच्या घरी राहायला खोली मिळते, कोणाच्या हाताला चव आहे, ते मला विचारा. माझी भाची तन्वी कणकवलीला कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, "मामानू, ह्या सगळा इंटरनेटवर घाला." घातलं. चौतीस घरं. नावाला बोट लावलं की त्या घराचं पान उघडायचं. खाली माझी एकेक ओळ: 'पाणी गोड. कुत्रा भुंकतो, चावत नाही.' प्रत्येक घरी मी स्वतः जेवलेलो.

त्यात कुणकेश्वरची रुक्मिणी. नवरा गेल्यावर दोन खोल्या बांधल्या, का, तर विरारला जावयाच्या दारात जाऊन पडायला नको. मुंबईचा माणूस सर्चमध्ये कुणकेश्वर टाकायचा, माझी यादी वर यायची, तिथून पाहुणे तिच्याकडे.

मग पत्रं येऊ लागली. 'सर, आपली यादी अप्रतिम. आमच्याही पानाचा दुवा, म्हणजे लिंक, लावाल का?' आयुष्यात मला कोणी सर म्हटलं नव्हतं. आणि दारात आलेल्याला आम्ही मागे फिरवतो होय? लावला. एकाचं बघून दुसरा आला. मी लावत गेलो.

यंदा मे महिन्यात रुक्मिणी आली. उभ्यानंच बोलली.

"दादानू, मे सरत इलो. एक पावणो नाय. तुमच्या यादीत माझा नाव आसा मां?"

"आसा गो. पयला तुझाच."

"मगे कोण येणा कित्याक नाय? जावयाचो फोन इलो. खोल्यांका कुलूप लावा, म्हणता."

तन्वीला बोलावलं. तिनं पान उघडून बघितलं. सर्चवाल्यांची नोटीस येऊन पडली होती. तुमच्या पानावरून बाहेर जाणारे दुवे खरे वाटत नाहीत, म्हणून यादी खाली ढकलली. खाली म्हणजे कुठे, तर जिथे कोण बघत नाही तिथे.

"मामानू, हे दोनशे अकरा जण कोण?"

"मागूक इलेले. नाय कसा म्हणतलंय?"

"उघडून बघल्यात?"

"दुसऱ्याच्या घरात डोकावचा कित्याक?"

"मग आता डोकवा."

पहिलं उघडलं, जुगार. दुसरं, पुरुषांच्या गोळ्या. तिसरं उघडलं आणि मी मान फिरवली हो, शेजारी बहिणीची मुलगी बसलेली! माशांच्या टोपलीत हात घालावा आणि कुजलेलं काहीतरी बोटाला लागावं, तसं झालं. शी! आणि त्या घाणीच्या वर रुक्मिणीचं नाव, माझ्या हातानं लिहिलेलं.

"पण घाण त्यांची, दंड आमका?"

"तुम्ही वाट दाखवल्यात, म्हणजे जामीन ऱ्हवल्यात. असल्या याद्या पूर्वी वर येयत. मग ह्या लोकांनी त्येंत घुसून वाट लावली. आता सर्चवाले यादी बघून आधी नाक मुरडतत." मग म्हणाली, "एक खूण घालूक येता, दुवो ऱ्हवता पण आपली जामीनकी नाय."

"जामीन नाय तर दाखवू कित्याक? काढ सगळे!"

दोन दिवस लागले. तिच्याकडून सर्चवाल्यांना अर्ज लिहून घेतला, चूक माझी, माझ्याच शब्दांत. नोटीस उठली. पण यादी वर आली नाही अजून. कधी येईल, तन्वीलाही सांगता येत नाही. ज्यांनी सर म्हटलं, त्यातल्या एकानंही विचारलं नाही, आमचा दुवा कुठे गेला. दुसऱ्या कोणाच्या दारात घाण करत असतील, मेले.

कुलूप लावायला रुक्मिणी दिवाळीपर्यंत थांबते म्हणाली. मला एका शब्दानं दोष दिला नाही, त्याचीच जास्त लाज वाटते.

तुम्ही फिरता, त्याबद्दल कुठे लिहीत असाल तर माझं एवढं करा. आज दुपारी तिच्याकडे जेवायला जा. जेवण आवडलं, तर तुमच्या पानावर तिच्या घराचा दुवा लावा. नाही आवडलं तर नका लावू, मी रागावणार नाही. पण माझ्या तोंडाकडे बघून, न जेवता लावू नका.