पाणी उतरलेला वस्तरा

मित्रांनो, मी एक जुना वस्तरा आहे. काळ्या शिंगाची मूठ आणि तिच्यात दुमडून बसणारं चार बोटं लांबीचं पोलादी पातं, एवढाच माझा जीव. आजवर मी नुसता गालांवरून फिरलो, बोललो कधी नाही. त्यामुळे मला नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे.

देवरूखच्या बाजारात सदूअण्णांचं केशकर्तनालय होतं. तिथं मी एकतीस वर्षं काम केलं. सकाळी अण्णा मला चामड्याच्या पट्ट्यावर पुढं-मागं फिरवत, मग दुकान उघडत. नवरदेव, मास्तर, डोंगरातल्या वाड्यांवरून आलेले म्हातारे, सगळे माझ्यापुढं डोळे मिटून मान वर करत. काहींना तर खुर्चीतच झोप लागे.

पुढं दर गिऱ्हाइकाला नवं पातं लावायची रीत आली. ती योग्यच होती, माझी तक्रार नाही. अण्णांनी मला पुसून विनीतच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या हातात दिलं.

"म्हयन्याला एकदा तेलाचं बोट फिरव," ते म्हणाले. "आपल्याकडची हवा लोखंड खाते."

विनीतनं वर्षभर बोट फिरवलं. मग लोटे एमआयडीसीतल्या कारखान्याच्या पाळ्या, कंपनीची बस, संसार. मी पत्र्याच्या ट्रंकेत पडलो, तो नऊ पावसाळे.

गेल्या वर्षी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. खाटेवर पडल्या पडल्या त्यांची दाढी छातीकडं निघाली. सून ज्ञानेश्वरी दुकानातून नवा रेझर घेऊन आली, तर अण्णांनी डाव्या हातानं तो उडवला.

"त्या पलास्टिकनं म्हशी भादर. माजा वस्तरा काड."

"अण्णा, शेजारची पोरं घाबरतात तुमच्या दाढीला."

"घाबरूंदे. आख्ख्या गावाच्या दाढ्या मी केल्या. असा जायचा न्हाय मी."

डॉक्टरांनी विनीतला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता फार दिवस नाहीत. त्यानं त्याच संध्याकाळी ट्रंक उघडली. फडकं माझ्या अंगाला चिकटलं होतं. मी तांबडा झालो होतो आणि धारेला एके ठिकाणी खळगा पडला होता. विनीतनं मला पाहिलं आणि पटकन ट्रंकेचं झाकण लावलं, जणू कोणी बघत होतं.

"मिळाला काय रं?" आतून अण्णांनी विचारलं.

"मिळाला. चांगला आहे," विनीत म्हणाला.

मित्रांनो, माझी खरी कथा या तीन शब्दांपासून सुरू होते.

तो मागच्या पडवीत बसून मला घासू लागला. रॉकेल, पॉलिशपेपर, मग धार लावायचा ओला दगड. मोबाइलवर कोणी परदेशी माणूस दाखवी तसं तो करी. गंज गेला, पण धारेचा खळगा जाईना. जाईल कसा? त्याला दगडावर आठ-दहा दिवसांची सबुरी लागते. ती कशी धरायची, हे सांगणारा माणूस भिंतीपलीकडं खाटेवर होता. पण त्याला विचारायचं, तर गंज कबूल करावा लागला असता.

पाचव्या दिवशी अण्णांनी पेज नको म्हटलं. विनीत घाबरला. कारखान्यातल्या एका मित्राचं ग्राइंडर आणून त्यानं मला फिरत्या चाकावर धरलं. ठिणग्या उडाल्या. खळगा क्षणात गेला, आणि माझी धार निळी पडली. पोलाद असं तापलं की त्याचं पाणी उतरतं, म्हणजे कणखरपणा जातो. मग त्याला कितीही धार लावा, ती टिकत नाही. विनीतला हे ठाऊक नव्हतं. त्यानं तो निळा डाग पॉलिशनं घालवला. मी आरशासारखा चकाकलो. मेल्यावर.

अण्णांनी मला डाव्या हातात घेतलं. लुळ्या उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवलं.

"मशीनवर धरलास."

विनीत खाटेच्या कडेला टेकला.

"गंजला व्हता?"

"हो."

"मग तसाच दाखवायचा. दोन शिव्या घातल्या असत्या नि दगड कसा धरायचा तां शिकवला असता." त्यांना धाप लागली. मग म्हणाले, "कर आता. पानी आन."

विनीतनं साबण लावला. मी केस कापत नव्हतो, ओढत होतो. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते हूं की चूं करत नव्हते. डावा गाल कसाबसा झाला. तीन ठिकाणी रक्त आलं. विनीत उजव्या गालाकडं वळला, तशी अण्णांनी मान फिरवली.

"ऱ्हावदे. उजवा उद्या."

दुसऱ्या दिवशी त्यांना शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी ते गेले. शेवटच्या अंघोळीच्या वेळी रावजी नावाच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "दाढी अर्धीच का रे?" विनीत अण्णांच्या उजव्या गालावरून पाण्याचा हात फिरवत राहिला.

आता मी काचेच्या कपाटात असतो. पाहुणे मला उजेडात धरतात. "काय जपून ठेवलाय हो!" म्हणतात. विनीत तेवढ्यापुरता बाहेर अंगणात जातो.

मित्रांनो, एक विनंती आहे. दुसऱ्यानं विश्वासानं दिलेली वस्तू तुमच्या हातून बिघडली, तर ती लपवून चकचकीत करू नका. जशी आहे तशी त्याच्यापुढं न्या. तो रागावेल, त्याला रागावू द्या. रागावणारं माणूस घरात आहे, तोवरच हे करता येतं.